बाणाग्र घडविण्याचे शिक्षण : हात आणि शब्द

दगडाचे बाणाग्र कसे घडवितात हे शब्दांत सांगणे फारसे कठीण नाही. परंतु केवळ ते शब्द ऐकून कोणास बाणाग्र घडविता येईल काय, हा प्रश्न निराळा आहे. कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे जाते त्यात भाषेचा वाटा किती, या मोठ्या प्रश्नाचाच तो एक भाग असल्यामुळे भाषाभ्यासकांनीही त्याची दखल घेणे उचित होय. या दृष्टीने कॅलिफोर्नियातील याही जमातीच्या इशीचे उदाहरण उद्बोधक आहे.

२९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल या गावाजवळ इशी लोकांच्या दृष्टीस पडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत आणि त्यानंतरच्या उपासमारीत त्याचे लोक नाहीसे झाले होते. त्याची बोली कोणासच कळेना. तेव्हा टी. टी. वॉटरमन या मानवशास्त्रज्ञाने याना भाषेच्या अन्य बोलींतील शब्दांची यादी त्याच्यापुढे वाचावयास घेतली. 'सिविनी', म्हणजे पिवळा पाइन, हा शब्द येताच इशीने तो ओळखला. पुढे २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने मृत्यू येईपर्यंत तो बहुतांशी सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. शेजारच्या वैद्यकीय शाळेतील शल्यविशारद सॅक्स्टन पोप याने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली आणि १९१८ मध्ये तिची तपशीलवार माहिती प्रसिद्ध केली. या दोघांजवळ सामाईक शब्दांचे भांडवल तुटपुंजे होते. शिक्षण झाले ते मुख्यतः पाहून आणि करून.

इशीची कृती थोडक्यात अशी. ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेच्या मोठ्या तुकड्यातून तो प्रथम आघाताने पातळ छिलके काढी. त्यांतील योग्य छिलका डाव्या तळहातावर चामड्याचा तुकडा ठेवून त्यावर धरी. उजव्या हातात लाकडी मुठीला बांधलेले हरणाच्या शिंगाचे, किंवा नव्या काळात लोखंडाचे, टोक असे. ते छिलक्याच्या कडेवर टेकवून दाबताच खालच्या अंगाने एक लहानसा कपचा सुटे. मग छिलका उलटवून दुसऱ्या अंगाने तीच क्रिया. शेवटी बारीक टोकाने बुडाशी दोन्ही बाजूंस खाचा पाडल्या की बाणाग्र सिद्ध होई. यास सुमारे अर्धा तास लागे. बाटलीची काचही त्याला चाले.

हे वर्णन बिनचूक असले तरी नवशिक्याला ते पुरत नाही. ऑब्सिडियन, चकमक, चर्ट यांसारख्या दगडांना लाकडाप्रमाणे रेषा नसतात. ते शिंपल्याच्या आतील भागासारखे वक्र पृष्ठ सोडून फुटतात. म्हणून कपचा किती लांब जाईल हे दाबणाराच ठरवितो. नवशिका सरळ खाली दाबतो. मग कड चुरडते, किंवा कपचा मध्येच मोडून पायरी राहते. वास्तविक जोर प्रथम छिलक्याच्या आत, तळहाताच्या दिशेने साठवावयाचा आणि अखेरच्या क्षणी खाली वळवावयाचा असतो. कड फार धारदार असेल तर ती जोर सोसत नाही. म्हणून दाबण्यापूर्वी ती घासून किंचित बोथट करावी लागते. धार हवी म्हणून धार मोडावयाची, ही गोष्ट प्रारंभी पटत नाही. शिवाय कपचा पृष्ठावरील उंचवट्याच्या मागोमाग जातो. तेव्हा प्रत्येक कपचा काढताना पुढील कपच्याची वाट आखली जात असते. 'कड घासा' हे सांगता येते. किती घासावयाची हे मात्र बोटांनाच कळते.

या संदर्भात दोन प्रयोग लक्षात घेण्याजोगे आहेत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात लव्हाल्वा पद्धतीचे छिलके काढण्यास एका गटाला बोलून, तर दुसऱ्याला केवळ कृती दाखवून शिकविण्यात आले. दोहोंच्या यशात लक्षणीय अंतर आढळले नाही. उलट २०१५ मध्ये १८४ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात, ओल्डुवान प्रकारचे साधे छिलके काढण्याचे कौशल्य साखळीने पुढे देताना शिक्षण आणि विशेषतः भाषा यांमुळे ते अधिक चांगले संक्रमित झाले. हे प्रयोग बाणाग्रांवर झालेले नाहीत आणि त्यांची रचनाही भिन्न आहे. तेव्हा त्यांतून घाईने सिद्धांत काढू नये. तथापि एवढे म्हणावयास हरकत नाही की, शब्द हे शिकणाऱ्याची नजर योग्य जागी नेतात. कोणता कोन, कोणती कड, केव्हा थांबावयाचे, हे दाखविणे त्यांचे काम. जोराचे प्रमाण मात्र सरावानेच अंगी येते.

हाताने शिकलेल्या गोष्टीलाही बोलीसारखी लकब असते. स्टीव्हन शॅकली या पुरातत्त्वज्ञाने १९९० नंतरच्या दशकात इशीची बाणाग्रे तपासली, तेव्हा ती जुन्या याही स्थळांवरील बाणाग्रांपेक्षा शेजारच्या विंटू व नोमलाकी लोकांच्या बाणाग्रांशी अधिक जुळतात असे त्याला दिसले. इशीचा कोणी नातलग किंवा शिक्षक त्या लोकांपैकी असावा, असा तर्क त्याने केला. तो तर्क अंतिम मानण्याचे कारण नाही. पण इशीने शब्दांत जे सांगितले नाही त्याचा माग त्याच्या कपच्यांत शोधता येतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

१९१५ च्या उन्हाळ्यात एडवर्ड सपीर याने इशीकडून याही भाषेची सामग्री उतरवून घेतली. पुढील वसंतात ती भाषा बोलणारा कोणी उरला नाही. कृतीची नोंद पोपने केली, वाणीची सपीरने. आज एखाद्या मोजक्या भाषकांच्या बोलीची पाहणी करणाऱ्याने ही दोन कामे वेगळी ठेवू नयेत. कारागिराला अवजाराचे नाव विचारावे, पण ते त्याच्या हातात असताना आणि काम चालू असताना विचारावे. त्या वेळी कोणत्या क्षणी तो बोलतो आणि कोणत्या क्षणी गप्प राहून नुसता हात पुढे करतो, याचीही नोंद घ्यावी. ते मौनही त्या भाषेच्या वर्णनाचाच भाग आहे.