उपग्रहाचें इंटरनेट व कास्तकाराचें घर

काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या बागाइतदारास आज खतपाण्याइतकीच बातमीचीहि गरज आहे. कळमन्याचे भाव, हवामानाचा अंदाज, मुलांचे पाठ हें सर्व इंटरनेटवरून येतें. परंतु शेतांतील वस्तीवर पुष्कळदां ना तार पोहोंचते, ना मोबाइलच्या मनोऱ्याची लहर. ५ नोव्हेंबर २०२५ रोजीं महाराष्ट्र सरकारनें स्टारलिंक कंपनीशीं इरादापत्र केलें. त्यांत आमच्या नागपूर विभागांतील गडचिरोलीचें नांव आहे. तेव्हां हें साधन घरास कितपत उपयोगी, हें पैसा खर्चण्यापूर्वींच पारखून घेणें बरें.

पहिली गोष्ट अंतराची. जुन्या पद्धतीचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंच असतो. आपली मागणी वर जाऊन खालीं येते, उत्तरहि तसेंच येतें. या प्रवासांत सुमारें अर्धा सेकंद जातो. भाव पाहण्यास तो अडत नाहीं, पण बोलतांना दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह ५५० किलोमीटरांच्या आसपास फिरतात, म्हणून तेथें हा खोळंबा फार थोडा.

दुसरी गोष्ट वांटणीची. १९ नोव्हेंबर २०२४ रोजीं सोडलेल्या जीसॅट-एन२ या भारतीय उपग्रहाची एकूण क्षमता सेकंदास ४८ गिगाबिट आहे. ४८,००० घरांनीं ती एकाच वेळीं समान वांटून घेतल्यास प्रत्येकास एक मेगाबिट येईल. सामाईक विहिरीवर मोटा वाढल्या कीं पाट बारीक होतो, तसेंच हें. जाहिरातींतील वेगाच्या आंकड्यापुढील ‘पर्यंत’ हा शब्द म्हणून नीट वाचावा.

तिसरी गोष्ट जागेची. उंच उपग्रहासाठीं डिशची छत्री नागपुरांत दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारें ६५ अंशांवर रोखावी लागते. खालून फिरणाऱ्या उपग्रहांस मात्र बरेंच मोकळें आकाश लागतें. अंगणांतील निंब वा आंबा आड आला कीं जोड तुटते. मुसळधार पावसांत लहर क्षीण होते, ही अडचण दोहोंसहि आहे. शिवाय यंत्र सरासरी ७५ वॅट घेईल, तर दिवसरात्रीं सुमारें १.८ युनिट वीज लागेल. वीज गेल्यास बॅटरी हवीच.

आमचें मत असें कीं, जेथें फायबरची तार आली आहे तेथें तीच घ्यावी. जेथें ती येण्याचें चिन्ह नाहीं, तेथें उपग्रहाचा मार्ग अवश्य विचारांत घ्यावा. मात्र घरोघर छत्र्या उभारण्याआधीं गांवच्या शाळेंत किंवा सोसायटींत एक बसवून पाहावी. सकाळीं, रात्रीं आठ ते दहा, आणि भर पावसांत, अशा तिन्ही वेळीं वेग व खोळंबा वहींत टिपावा. बियाणें उगवणशक्ति पाहून घेणाऱ्या कास्तकारानें हेंहि तसेंच पारखून घ्यावें.