ईमेल ‘सेंडिंग’वरच अडकतोय? पुन्हा बटण दाबण्याआधी हे तपासा

शिनोली (ता. आंबेगाव) : मशीद ट्रस्टचे हिशेब सीएकडे पाठवायचे असोत किंवा मुलांच्या स्कॉलरशिपचे कागद, आता घोडेगावला चक्कर मारण्याऐवजी ईमेल केला जातो. ६ जून २०२५ रोजी वक्फ मालमत्तांसाठी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाल्यापासून तर मुतवल्लींची स्कॅनिंगची आणि कागद वकिलांकडे पाठवण्याची कामं वाढली आहेत. नेमक्या शेवटच्या तारखेला कॉम्प्युटरवरचं थंडरबर्ड किंवा आउटलुक ‘सेंडिंग’ दाखवत अडकून बसतं. अशा वेळी काय करायचं?

आधी मोबाइलवर पाहा

प्रोग्राम हँग झाला म्हणजे मेल गेलाच नाही, असं नसतं. मोबाइलवर तेच खातं उघडून ‘सेंट’ फोल्डर बघा. मेल तिथे असेल तर तो सर्व्हरकडे पोहोचला आहे. पुन्हा पाठवलात तर समोरच्याकडे एकच अर्ज दोनदा जाईल.

थंडरबर्डमध्ये बऱ्याचदा हेच होतं. मेल जातो, पण त्याची प्रत ‘सेंट’मध्ये ठेवताना प्रोग्राम अडकतो. जीमेल ही प्रत स्वतःच ठेवतं. म्हणून अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये प्रत ठेवण्याची टिक काढून टाका.

फाइल किती मोठी आहे?

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. पण जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे १८ एमबीच्या आत राहिलेलं बरं. १० एमबीची फाइल फुगून साडेतेरा एमबी होते. मोबाइल हॉटस्पॉटचा अपलोड वेग अर्धा एमबीपीएस असेल, तर ती जायला साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. हा हँग नाही, थोडा सब्र करा.

स्कॅन रंगीतऐवजी ग्रे आणि ३००ऐवजी २०० डीपीआयवर काढा. जुन्या उर्दू किंवा मोडी दस्तांची शाई फिकी असेल तर मात्र दर्जा कमी करू नका. फाइल ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवा आणि परवानगी फक्त त्याच व्यक्तीला द्या.

छोटा मेलही जात नसेल तर

स्वतःलाच दोन ओळींचा मेल पाठवून बघा. तोही अडकला तर दोष सेटिंगमध्ये असू शकतो.

● पोर्ट : अनेक इंटरनेट कंपन्या २५ नंबरचा पोर्ट बंद ठेवतात. ५८७ टाकून ‘स्टार्टटीएलएस’ निवडा, किंवा ४६५ टाकून ‘एसएसएल/टीएलएस’.

● पासवर्ड : जीमेलचा नेहमीचा पासवर्ड जुन्या पद्धतीने आता चालत नाही. ‘ओऑथ२’ निवडा. प्रोग्राम जुना असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या.

● अँटिव्हायरस : जाणारे मेल तपासण्याचा पर्याय थोडा वेळ बंद करून चाचणी घ्या, मग परत सुरू करा. अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका.

● आउटलुक : ‘वर्क ऑफलाइन’ करून आउटबॉक्समधला अडकलेला मेल ड्राफ्ट्समध्ये हलवा, नंतर पुन्हा ऑनलाइन या. मागे अडकलेले बाकीचे मेलही सुटतात.

वेळ अगदी थोडा उरला असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, तिथून कागद पाठवा आणि मिळाल्याची पोच मागून घ्या. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी निवांत दुरुस्त करता येतो, उलटून गेलेली तारीख मात्र परत येत नाही.