दहा क्विंटल कांडीचा हिशेब

खरेदी, गोदाम, विक्री, येणेदेणे आणि कर हे सगळे एकाच ठिकाणी बांधणाऱ्या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. एरवी लहान कंपनीत खरेदी एका वहीत असते, गोदामाचा साठा हमालांच्या मुकादमाच्या डोक्यात आणि कराची विवरणे तालुक्याच्या करसल्लागाराकडे. ईआरपीत खरेदीची एकच नोंद केली की त्याच क्षणी गोदामातला माल वाढतो आणि शेतकऱ्याचे देणेही खात्यावर चढते.

अशा प्रणालींपैकी ईआरपीनेक्स्ट ही मुंबईत घडली. घरच्या फर्निचर व्यवसायासाठी ईआरपी बसवताना आलेल्या अडचणींतून ऋषभ मेहता या कामाकडे वळले आणि 2008 साली त्यांची कंपनी उभी राहिली. आज ती फ्रापे या नावाने ओळखली जाते. ईआरपीनेक्स्टचा मूळ कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. तो कोणीही वाचावा, आपल्या संगणकावर चालवावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. परवान्याला पैसे पडत नाहीत. खर्च पडतो तो सर्व्हरला, बसवून देणाऱ्याला आणि शिकण्यात जाणाऱ्या दिवसांना. ‘फुकट आहे’ एवढेच ऐकून सुरुवात करणारी कंपनी इथेच फसते. मुक्ततेचा खरा उपयोग वेगळा आहे. बसवून देणारा माणूस उद्या फोन उचलेनासा झाला, तरी हिशेब आणि ते उघडणारे सॉफ्टवेअर दोन्ही कंपनीच्याच ताब्यात राहतात आणि काम दुसऱ्या जाणकाराकडे सोपवता येते. गावातल्या कंपनीसाठी हे फार मोलाचे आहे, कारण तिथे जाणकार मुळातच थोडे असतात.

अशा गावाचे उदाहरण म्हणून नरसी नामदेव घेऊ. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे, कयाधू नदीकाठचे हे गाव हिंगोली जिल्ह्यात आहे. जिल्हा हळदीचा. त्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा भागात किमान दहा शेतकरी एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढतात, वाळलेली हळद घेतात, पॉलिश करतात आणि विकतात. हिशेबाच्या दृष्टीने हा व्यवसाय दिसतो तितका सोपा नाही, कारण माल हातात असतानाच त्याचे वजन कमी होत जाते.

प्रणाली बसवताना पहिले काम नावे ठरवण्याचे. एकाने ‘हळद कांडी’ लिहिले, दुसऱ्याने ‘कांडी हळद’ आणि तिसऱ्याने नुसते ‘हळद’, तर संगणकाला ते तीन वेगळे माल वाटतात. शेतकऱ्यांच्या नावांचेही तसेच. कधी वडिलांच्या नावासह, कधी आडनाव आधी, असे लिहिले गेले की एकाच माणसाची दोन खाती उघडतात आणि हंगामाआधी दिलेली उचल एका खात्यावर, तर माल दुसऱ्यावर पडतो. हळदीची लांब बोटे म्हणजे कांडी आणि गोल कंद म्हणजे गट्टू. म्हणून कच्ची कांडी, पॉलिश कांडी, कच्चा गट्टू, पॉलिश गट्टू अशी यादी आधी कागदावर करून भिंतीला लावलेली बरी. एककही तेव्हाच ठरवावे, कारण मालाचे व्यवहार सुरू झाल्यावर साठ्याचे मूळ एकक बदलता येत नाही. पोते हे एकक घेण्याचा मोह होतो, पण प्रत्येक पोत्याचे वजन सारखे नसते. साठा किलोत ठेवावा आणि खरेदी क्विंटलमध्ये लिहावी. शंभराचा गुणाकार प्रणाली स्वतः करते.

आता एक व्यवहार जवळून पाहू. समजा 13,000 रुपये क्विंटलने 10 क्विंटल कच्ची कांडी घेतली. खरेदी पावतीवर 1,30,000 रुपये चढले. कांडी पॉलिशच्या ड्रममध्ये गेली. साल, माती आणि भुकटी निघून गेली आणि 9 क्विंटल 40 किलो माल बाहेर आला. हमाली, वीज आणि पॉलिश मिळून 3,000 रुपये लागले. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी ‘स्टॉक एन्ट्री’ करतात. एका ओळीत गेलेला माल, दुसऱ्या ओळीत आलेला माल आणि खाली जादा खर्च. एन्ट्री सबमिट केली की पॉलिश कांडीचा भाव पडद्यावर येतो: 1,33,000 भागिले 9.4, म्हणजे क्विंटलला सुमारे 14,149 रुपये. वहीत खरेदीचा भाव 13,000 पाहून 14,000 ने सौदा करणाऱ्याला हजाराचा नफा दिसतो, पण या लॉटवर त्याला 1,400 रुपयांचा तोटा झालेला असतो. मालाच्या नोंदीत बॅच नंबर सुरू ठेवला, तर कोणत्या लॉटला किती घट आली हेही वेगळे काढता येते. आर्द्रतेची टक्केवारी लिहायला पावतीवर एक नवा रकाना लागतो, तोही कोड न लिहिता जोडता येतो.

रोजच्या कामात पहिला खटका गोदामाच्या दारात उडतो. ट्रक भरून उभा असतो, सकाळची खरेदी चढवायची राहिलेली असते आणि नसलेला माल विकायला प्रणाली नकार देते. सेटिंगमध्ये उणे साठ्याला परवानगी देणारी एक खूण आहे. ती केली की ट्रक लगेच सुटतो, पण पुढे मालाच्या भावांवर भरवसा राहत नाही. ही खूण करू नये. खरेदीची नोंद काट्यापाशीच, वजन होताच करण्याची सवय लावावी.

दुसरा खटका दुरुस्तीचा. सबमिट केलेल्या पावतीतला आकडा खोडता येत नाही. पावती रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते, तिच्या क्रमांकाला शेवटी 1 लागतो आणि जुनी पावती रद्द म्हणून यादीत राहते. ती काढून टाकण्याचा अधिकार मुनिमाला देऊ नये. वहीला सरावलेल्या मुनिमाला हे सुरुवातीला जाचक वाटते. पण 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे कायद्यानेच बंधनकारक आहे आणि शेतकरी उत्पादक कंपनी हीही कंपनीच आहे. हिशेबाची प्रत रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचाही नियम आहे. प्रत रोज आपोआप निघते खरी, पण महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीच्या भरवशावर राहू नये.

जीएसटीसाठी ‘इंडिया कंप्लायन्स’ हे मुक्त ॲप जोडतात. ओली हळद करमुक्त आणि वाळलेली 5 टक्क्यांत, हा फरक मालाच्या नोंदीत एकदाच नीट भरला की पुढची बिले त्याप्रमाणे निघतात.

सुरुवात कधी करावी यावर पुस्तकी उत्तर 1 एप्रिल असे आहे. नवे आर्थिक वर्ष आणि कोऱ्या पाटीचा दिवस. हिंगोली जिल्ह्यात मात्र त्याच सुमारास हळद बाजारात येऊ लागते आणि कार्यालयात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये येते. मधला पावसाळा मोकळा असतो. आषाढी करून परतणारे वारकरी नरसीत परतवारीला येऊन गेले की गावही निवांत होते. तेव्हा सुरू करायचे तर वर्षाच्या मधल्या तारखेच्या सुरुवातीच्या शिलका भराव्या लागतात: बँक, रोकड, प्रत्येक शेतकऱ्याचे येणेदेणे आणि गोदामातला माल. हे काम किचकट आहे, तरी भर हंगामात नवे शिकण्यापेक्षा परवडते. पुढचा महिनाभर वही आणि संगणक दोन्ही चालवावेत आणि रोज संध्याकाळी रोकड दोन्हीकडे जुळवावी. ज्या दिवशी जुळत नाही, त्या दिवशी चूक शोधूनच कुलूप लावावे. दोन दिवसांनी ती सापडत नाही.

पहिला हंगाम संपल्यावर गोदामातला माल काट्यावर पुन्हा मोजतात. पडद्यावरचा साठा आणि काट्यावरचे वजन यांत थोडे अंतर निघते, कारण साठवणीत हळद आणखी वाळते आणि पोत्यातून सांडते. ‘स्टॉक रिकन्सिलिएशन’ या कागदावर प्रत्येक मालापुढे मोजलेले वजन लिहून तो सबमिट केला की फरकाची रक्कम खात्यावर पडते आणि पुढच्या हंगामाची सुरुवात मोजलेल्या साठ्यापासून होते.