विंडोजचे अपग्रेड फसले? फॉरमॅट करण्यापूर्वी हे पाहा

नवी दिल्ली : विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे अनेक घरगुती संगणक विंडोज ११ वर नेण्याची गरज निर्माण झाली आहे. मात्र हे अपग्रेड मध्येच फसले की वापरकर्ता गोंधळतो आणि संगणक फॉरमॅट करून मोकळा होतो. कौटुंबिक छायाचित्रे, हिशेब, कागदपत्रांच्या प्रती बहुधा याच क्षणी नष्ट होतात. अपग्रेड फसल्यामुळे नव्हे.

याचे कारण अपग्रेडच्या रचनेत आहे. नवी प्रणाली बसवताना जुनी प्रणाली लगेच पुसली जात नाही, ती वेगळ्या फोल्डरमध्ये राखून ठेवली जाते. काम पूर्ण न झाल्यास संगणक पुन्हा सुरू होतो, केलेले बदल मागे घेतो आणि बहुतेक वेळा विंडोज १० पूर्ववत उघडते. त्यासाठी बराच वेळ लागू शकतो. टक्केवारीचा आकडा एकाच जागी थांबला, पण हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर वीज बंद करू नये.

जुनी प्रणाली उघडल्यास पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे. त्यानंतरच पुढचा प्रयत्न करावा.

संकेतांक काय सांगतो?

अपग्रेड फसल्यावर दिसणारा त्रुटी संकेतांक लिहून ठेवावा. त्याच्या अखेरीस ७००७० हे अंक असल्यास डिस्कवरील जागा अपुरी आहे. सुमारे २० जीबी जागा मोकळी करून पुन्हा प्रयत्न करावा. जागा मोकळी करताना ‘डाउनलोड्स’ फोल्डरवर खूण नाही ना, हे तपासावे.

अखेरीस १९००१०१ असल्यास दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे यंत्रभाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम यांसारखी बाहेरची उपकरणे काढावीत. संगणक उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर अद्ययावत करावेत. वेगळे अँटीव्हायरस बसवले असल्यास ते अपग्रेडपुरते काढून टाकावे. १९००२०८ हा आकडा एखादे विसंगत सॉफ्टवेअर आड येत असल्याचे सांगतो, तर १९००२०० म्हणजे संगणक किमान अटींत बसत नाही.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, मान्यताप्राप्त ६४ बिट प्रोसेसर, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आवश्यक आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत अ‍ॅपवरून याची खातरजमा करता येते. टीपीएम संगणकात असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते, असेही अनेकदा आढळते. ते सुरू करण्यापूर्वी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. बायोसमधील बदलानंतर संगणक ती मागू शकतो. जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकात डिस्कची मांडणी न बदलता थेट ‘यूईएफआय’ निवडल्यास विंडोज सुरूच होणार नाही.

संगणक सुरूच होत नसेल तर

विंडोज सलग काही वेळा सुरू न झाल्यास दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप दिसतो. त्यातील ‘स्टार्टअप रिपेअर’ हा पर्याय आधी वापरावा. उपयोग न झाल्यास ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ मधून नुकतेच बसलेले ‘फीचर अपडेट’ काढता येते. ‘रीसेट’ हा शेवटचा उपाय आहे. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास वैयक्तिक फाइल राहतात, पण स्वतः बसवलेली सॉफ्टवेअर जातात. कोणताही पर्याय लागू पडत नसल्यास आणि फाइल मौल्यवान असल्यास, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून त्या आधी उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीसाठी दुकानात संगणक देतानाही ‘माझ्या संमतीशिवाय फॉरमॅट करू नये’ असे लेखी द्यावे.

अपग्रेड यशस्वी झाले, पण नवी प्रणाली नीट चालत नसेल, तर सर्वसाधारणपणे १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधून जुन्या आवृत्तीकडे परतता येते. त्या मुदतीत जागा वाचवण्यासाठी ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ पुसल्यास हा मार्ग बंद होतो.

संगणक अटींत बसत नसेल, तर घाईने नवा घेण्याची आवश्यकता नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतनांची योजना जाहीर केली आहे. लिनक्ससारख्या मोफत प्रणालीचा पर्यायही उपलब्ध आहे.

मदतीच्या शोधात इंटरनेटवर सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर दूरध्वनी करणे मात्र टाळावे. मायक्रोसॉफ्टच्या त्रुटी संदेशात कधीही दूरध्वनी क्रमांक नसतो. दुरुस्तीच्या नावाखाली संगणकाचा दूरस्थ ताबा किंवा ओटीपी मागणाऱ्यास नकार द्यावा. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार नोंदवावी.