प्राध्यापक दामले गैरहजर

लेखांक सहावा

मागच्या लेखांकात जे. एम. कुट्सी यांच्या 'डिसग्रेस' (1999) या कादंबरीतला प्राध्यापक लुरी आपण पाहिला. विद्यार्थिनीशी संबंध ठेवणारा हा माणूस चौकशी समितीपुढे तिचा जबाब न वाचताच आरोप मान्य करून मोकळा होतो, आणि कादंबरीभर आपण सगळं त्याच्याच नजरेनं पाहत राहतो. मराठीत प्राध्यापकाकडून होणाऱ्या शोषणाचा हाच प्रश्न सर्वांत धारदारपणे आला तो कादंबरीत नव्हे, नाटकात. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 साली 'रंगायन'नं अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणलं. नायिका बेणारेबाईंच्या भूमिकेत होत्या सुलभा देशपांडे. इथला प्राध्यापक दामले रंगमंचावर एकदाही येत नाही. गावात प्रयोगासाठी आलेली हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात, शिक्षिका लीला बेणारेला आरोपी करतात, आणि बघता बघता तिच्या पोटातलं दामल्यांचं मूल हाच खटल्याचा विषय होतो. दामल्यांचं नाव निघतं, पण साक्षीदार म्हणून! माझ्या मते नाटकातली खरी हिंसा इथे आहे: संबंध दोघांचा, उलटतपासणी मात्र एकीचीच.

या आरोपाला पहिला आकार कुठून मिळतो, तेही बघण्यासारखं आहे. गावातला भोळा सामंत साक्ष द्यायला उभा राहतो तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. हातातल्या कादंबरीतला प्रसंग तो दामले-बेणारेंच्या नावावर खपवतो, आणि ही थाप नेमकी वर्मी बसते. फसवला गेलेला जीव, रडणारी बाई, हात झटकणारा पुरुष ही गोष्ट सगळ्यांना आधीच पाठ असते. पुरावा नंतर गोळा होतो.

हा पोरखेळ वाटत असेल, तर त्या काळचं कायद्याचं पुस्तक उघडावं. 1967 साली व्यभिचाराचं कलम 497 दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषालाच लागू होतं. बेणारे अविवाहित, म्हणजे दामले निर्दोष. उलट गर्भपाताचं कलम 312 खुद्द गरोदर बाईलाही गुन्हेगार ठरवत होतं. 1971च्या गर्भपात कायद्यानं दार उघडलं, तरी गर्भनिरोधक निकामी ठरल्याची सवलत विवाहितेपुरतीच ठेवली; 'कोणतीही स्त्री' असा बदल व्हायला 2021 उजाडलं. तेंडुलकरांचं कोर्ट तर या सगळ्यावर कडी करतं. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा काय, तर गर्भ नष्ट करा.

यावर नेहमीचा आक्षेप असा की बेणारे काही दामल्यांची विद्यार्थिनी नव्हती. ती कमावती, सज्ञान होती, स्वतःच्या इच्छेनं गेली. तिला शोषित म्हणणं हा तिच्याच बुद्धीचा अपमान. आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. कोवळ्या वयात मामानं केलेल्या फसवणुकीची कहाणी जोडून तेंडुलकरांनी तिला गरजेपेक्षा अधिक दयनीय केलं, असंही मी म्हणेन. पण होकार दिला म्हणजे परिणामांची वाटणी सारखी झाली, असं होत नाही. तिला दामल्यांच्या विद्वत्तेची ओढ होती, आणि त्या ओढीचा फायदा त्यांनी घेतला. पुढे मुलाला बाप हवा म्हणून मंडळीतल्याच पोंक्षेपुढे, रोकडेपुढे लग्नाची याचना करायची वेळ तिच्यावर आली; दामल्यांचा संसार जागच्या जागी राहिला. शोषण मोजायचं ते या फरकावरून.

दुसरा आक्षेप अंतराचा: मुंबईच्या नाटकवाल्यांशी दिंद्रुडसारख्या गावाचा संबंध काय? दिंद्रुडहून माजलगावला किंवा त्याहून लांब शिकायला जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत तोल आणखी झुकलेला असतो. अंतर्गत गुण सरांच्या हातात, आणि गावात नुसती कुजबुज झाली तरी शिक्षण बंद होऊन लग्न ठरायची भीती. सरांची फार तर बदली होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात तक्रार समिती सक्तीची केली, पण तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची. धाक असलेल्या मुलीला घरी तोंड उघडायलाच कधी कधी त्याहून जास्त काळ लागतो. बेणारेचं तर स्वगतही खटल्यातल्या कुणाच्या कानी पडत नाही. ती बोलते तेव्हा बाकीचे सगळे थिजलेले असतात. तिच्या शाळेच्या अध्यक्षांपर्यंत बातमी आधीच पोचलेली असते आणि तिची नोकरी जाणार हे नक्की होतं. दामल्यांच्या कॉलेजला कळवावं, असं मात्र त्या खोलीत एकालाही सुचत नाही.