जलदूत आणि मेघदूत

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, ते पाणी बाटलीतलं नसतं, हवेतलं असतं. हवेपासून पिण्याचं पाणी करणारं यंत्र हेच करतं: पंख्याने हवा ओढून थंड नळ्यांवरून फिरवतं, वाफेचे थेंब गोळा करतं आणि गाळून, निर्जंतुक करून नळाला सोडतं. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या काही स्थानकांसाठी २०२२ मध्ये आखलेल्या अशा यंत्रांना ‘मेघदूत’ असं सुरेख नाव मिळालं. मग दुष्काळी गावांत टँकर कशाला, मेघदूतच का नको, असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की वाफेचं पाणी होताना लिटरमागे सुमारे ६८० वॅट-तास उष्णता बाहेर पडते आणि ती यंत्राला उपसून टाकावी लागते. त्यासाठी दमट हवेतही लिटरला पाव ते अर्धा युनिट वीज जाते. समुद्राचं खारं पाणी गोडं करायला हजार लिटरला तीन-चार युनिट पुरतात.

त्यातून हवाही सगळीकडे सारखी नाही. मुंबईत ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना घनमीटरभर हवेत २३-२४ ग्रॅम वाफ असते आणि २६ अंशांखाली गारवा मिळाला की थेंब धरतात. लातूरच्या उन्हाळी दुपारी ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर वाफ जेमतेम १० ग्रॅम आणि हवा थेट १३ अंशांखाली न्यावी लागते. रात्री आर्द्रता वाढते की, असं कुणी म्हणेल. टक्का वाढतो तो हवा गार झाल्यामुळे. वाफ जवळपास तेवढीच राहते. म्हणजे तहान जिथे मोठी, तिथेच यंत्राचा हात आखडतो. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेल्या ‘जलदूत’ गाडीच्या ५० वाघिणींत २५ लाख लिटर पाणी मावत असे. तेवढं हवेतून काढायचं, तर दमट हवेतला अर्ध्या युनिटचा दर लावूनही साडेबारा लाख युनिट लागतील.

ऊन फुकट आहे, त्यावर चालवा, हा आक्षेप अधिक वजनदार. ओमर याघी यांना २०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळवून देणारे सच्छिद्र पदार्थ रात्री वाळवंटातल्या कोरड्या हवेतलीही वाफ शोषतात आणि उन्हाने तापवल्यावर ती सोडतात. संशोधन अस्सल आहे. पण उष्णतेचा हिशेब त्यालाही चुकत नाही. चौरस मीटरभर जागेवर दिवसाला पाच-सहा युनिट ऊन पडतं. त्यातला कणही वाया गेला नाही आणि एकदा वापरलेली उष्णता परत फिरवली नाही, तर सात-आठ लिटर पाणी. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. एका घराच्या पिण्यापुरतं ते मोलाचं आहे, पण त्यावर गुरं आणि धुणीभांडी भागत नाहीत.

म्हणून मेघदूताला फलाटच शोभतो. तिथे त्याची स्पर्धा बाटलीबंद पाण्याशी आहे आणि लिटरमागे अर्ध्या युनिटची वीज बाटलीच्या किमतीपुढे किरकोळच ठरते. लातूरच्या उन्हाळ्यात मात्र त्याची गाठ विहीर, तलाव आणि नळाच्या पाण्याशी पडते आणि तिथे तो हरतो.