अवकाशातला मुसाफिर आणि त्याचा रोजा

१० ऑक्टोबर २००७. रमजान संपायला दोनच दिवस उरले असताना मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर रशियाच्या सोयुझ यानातून बैकानूरहून अवकाशात झेपावले. पेशाने ते हाडांचे डॉक्टर. त्यांच्या निमित्ताने मलेशियातल्या उलेमांपुढे एक नवाच प्रश्न आला होता. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारते, म्हणजे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो आणि सोळा वेळा मावळतो. मग सहेरी कधी करायची आणि इफ्तार कधी?

उत्तर सोपे निघाले. जिथून यान उडाले तिथले घड्याळ धरावे. आणि रोजा जमत नसेल तर परतल्यावर 'कजा' करावा, म्हणजे राहिलेला रोजा नंतर पूर्ण करावा. प्रवासी आणि आजारी यांना ही सवलत कुरआननेच दिली आहे. घड्याळाचा प्रश्न असा सुटला. अवघड होता तो शरीराचा.

घाटात एस.टी. वळणे घेत असताना मोबाइलमध्ये डोके घालून बसले की पोटात ढवळायला लागते. डोळ्यांना सगळे स्थिर दिसत असते आणि कान सांगतात, आपण हलतोय. कानाच्या आत चुनखडीचे बारीक कण असतात. ते वजनाने सरकतात आणि खाली कुठे, वर कुठे हे मेंदूला कळते. अवकाशात हे कण तरंगू लागतात. 'खाली' ही दिशाच उरत नाही. पहिले दोन-तीन दिवस निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना मळमळ आणि उलट्यांचा त्रास होतो. आपसूक झालेल्या उलटीने रोजा तुटत नाही हे खरे, पण अंगातले पाणी जायचे ते जातेच.

पाण्याची गोष्ट तर त्याहून विचित्र. जमिनीवर रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात. वजन नाहीसे झाले की ते छातीकडे आणि डोक्याकडे सरकतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदते, पाय काटकुळे होतात. शरीराची समजूत होते की पाणी जास्त झाले आहे. तहान मंदावते आणि थोड्याच दिवसांत रक्तातला द्रव कमी होतो. जमिनीवरच्या रोजेदाराला निदान घसा कोरडा पडल्याचे कळते; तिथे तो इशाराही मिळेलच असे नाही.

नमाजचेही तसेच. सजद्यासाठी कपाळ टेकायचे, तर टेकलेले शरीर दुसऱ्या क्षणी तरंगत दूर जाते. म्हणून जमेल तसे उभे राहून, तेही न जमल्यास बसून किंवा नुसत्या इशाऱ्यानेही चालेल, असे मार्गदर्शनात म्हटले होते.

संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल नेयादी २०२३ मध्ये सहा महिने स्थानकावर होते. त्यांचा रमजान तिथेच गेला. उड्डाणापूर्वी त्यांनी स्पष्ट सांगितले होते की आपण मुसाफिर आहोत, रोजा आपल्यावर बंधनकारक नाही. मोहिमेला किंवा सोबत्यांना धोका होईल असे काही करायचे नाही. हे म्हणणे पळवाट वाटत असेल त्याने त्यांचा दिनक्रम पाहावा. वजन पेलायचे काम नसल्याने कमरेची हाडे दर महिन्याला सुमारे एक टक्का झिजतात, म्हणून रोज दोन तास व्यायाम. ईदनंतर आठवड्याभरात, २८ एप्रिलला, ते स्थानकाबाहेर पडले आणि जवळपास सात तास काम करत राहिले. पोशाखात पिण्यासाठी पाण्याची एक पिशवी असते, साधारण एक लिटरची. तिथे एकाला भोवळ आली तर संकट दोघांवर येते.

परतीचा प्रवास त्याहून कठीण. २१ ऑक्टोबर २००७ ला शेख मुझफ्फर उतरत असताना यान नेहमीपेक्षा तीव्र उतारावर आले. शरीरावर वजनाच्या आठपटीच्या आसपास दाब पडला आणि यान ठरलेल्या जागेच्या तीनशेहून अधिक किलोमीटर अलीकडे उतरले. तिघेही सुखरूप होते. मात्र जमिनीवर पाय ठेवताच रक्त पुन्हा खाली धावते. उभे राहिले तर चक्कर येते. म्हणून उतरण्याआधी अंतराळवीरांना मीठ आणि भरपूर पाणी घ्यायला लावतात.